काळजी तिची, शांतपणा त्याचा : एका जोडप्याच्या उपचारांचं प्रकरण

लग्नाला बारा वर्षं झालेलं जोडपं. तिची तक्रार एका वाक्याची : "याला कशाचंच काही वाटत नाही." त्याची तक्रार त्याहून आखूड : "हिला सगळ्याचंच वाटतं."

हे प्रकरण मी अभ्यासवर्गासाठी रचलेलं आहे. यातले प्रसंग जोडप्यांबरोबर काम करणाऱ्यांना ओळखीचे वाटतील, पण हे दोघं आणि त्यांच्या उपचारक बाई म्हणजे कोणी खरी माणसं नव्हेत. आजचं मनोविश्लेषण, म्हणजे नेणिवेत, आपल्याच नकळत मनात जे चालतं त्याची उकल करणारी उपचारपद्धती, नात्यांकडे कसं बघतं हे नुसत्या सिद्धांतातून शिकवायला गेलं की वर्ग माना डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. एकच जोडपं वर्षभर डोळ्यांसमोर ठेवलं की निदान भांडायला तरी मुद्दे मिळतात.

ते आले त्याचं निमित्त असं. आठ वर्षांच्या मुलीची शाळेची बस वाटेत बंद पडली. शाळेनं वडिलांना लगेच कळवलं : मुलं सुखरूप आहेत, दुसरी गाडी निघाली आहे. त्यानं मेसेज वाचला, "ठीक आहे" असं उत्तर दिलं आणि फोन बाजूला ठेवून कामाला लागला. बायकोला कळवलं नाही. उगाच काळजी करत बसेल, म्हणून. इकडे ती पाऊण तास शाळेला, ड्रायव्हरला, बसमधल्या दुसऱ्या मुलांच्या आयांना फोन लावत होती. त्यालाही लावले, पण त्याचा फोन सायलेंटवर. मुलगी घरी आली, हसत आली. रात्री तिला कळलं की याला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

तिला वाचवायला म्हणून जे केलं त्यानंच तिचा जीव टांगणीला लागला, हे त्याला पटत होतं. पटत असूनही आपण पुढच्या वेळीही हेच करू, असं तो पहिल्याच भेटीत प्रामाणिकपणे म्हणाला. माझ्या मते उपचारांना धरायला जागा मिळाली ती या वाक्यात. चूक कळून माणूस बदलत असता तर समुपदेशकांना कामच उरलं नसतं.

पहिले काही आठवडे

पहिल्या भेटीला ती एक जाडजूड फाईल घेऊन आली. सासूबाईंचे तपासणीचे रिपोर्ट, विम्याची कागदपत्रं, मुलीच्या लसींची नोंदवही, घराच्या कर्जाचे हप्ते, सगळ्याला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. तासभर ती फाईल मांडीवर होती, एकदाही उघडली नाही. मध्येच म्हणाली, "यात काय आहे ते याला विचारा. सांगता येणार नाही." तो हसून म्हणाला, "तू आहेस ना सांगायला." त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, विश्वास होता. उपचारक बाईंनी हे वाक्य टिपणात जसंच्या तसं उतरवलं आणि खाली फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

पुढे जाण्याआधी बाईंनी दोघांना एकेकदा वेगळं भेटून घेतलं. मारहाण, धमकी, पैशांवरून कोंडी, एकमेकांची भीती, यांबद्दल थेट विचारलं. तसं काही नव्हतं. वर्गात ही पायरी पोरं उरकून टाकतात, म्हणून जरा ठासून सांगते. "या खेळात दोघांचाही वाटा आहे" ही मनोविश्लेषणाची भाषा आहे आणि जिथे एक जण दुसऱ्याला घाबरून जगतो तिथे ती भाषा विषारी ठरते. मार खाणाऱ्या माणसाला "तुझ्या नेणिवेनं हे कसं ओढवून घेतलं" असं विचारणं हा उपचार नव्हे, मारणाऱ्याला दिलेली साथ आहे. तिथे आधी सुरक्षितता बघायची, नेणिवेचं नंतर.

मग आठवड्यातून एकदा पन्नास मिनिटं, दोघांनी एकत्र येऊन बसायचं, असं ठरलं. विषय त्यांनी काढायचा, घरी करायचा अभ्यास नाही. त्याला हे आवडलं, तिला नाही. तिला यादी हवी होती.

कोणाचं कोणाकडे

अशा जोडप्याला बघून कोणीही म्हणेल, स्वभाव वेगळे आहेत. एक चिंतातुर, एक थंड. दोघांनी थोडं थोडं मध्यावर यावं. मनोविश्लेषणाचं म्हणणं निराळं आहे. ते विचारतं : या घरात दोन माणसांना पुरेल एवढी काळजी आहे आणि ती सगळी एकीच्याच अंगावर कशी? दोघांना पुरेल एवढा शांतपणा आहे, तो सगळा दुसऱ्याच्याच खात्यावर कसा?

या प्रश्नाचं मूळ मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांच्या 1946 सालच्या एका निबंधात आहे. तान्हं मूल आपल्याला न पेलणारा मनाचा भाग कल्पनेत आईत ढकलून देतं आणि मग तो तिथलाच समजून वागतं, असं त्यांनी मांडलं. यालाच प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशन म्हणतात. साध्या प्रक्षेपणात मी माझा राग तुझ्यात "बघतो". इथे मी असं काही वागतो की तुला खरोखरच राग येतो, आणि माझी सुटका होते. क्लाइन यांच्यासाठी हा कल्पनेतला व्यवहार होता. तो प्रत्यक्ष माणसांत कसा चालतो, समोरच्यावर त्याचा दाब कसा येतो, हे विल्फ्रेड बियॉन यांच्यापासून पुढच्या पिढ्यांनी उलगडलं.

लग्नापर्यंत ही कल्पना आणली ती लंडनमधल्या टॅव्हिस्टॉक या मानसोपचार संस्थेच्या परंपरेनं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 साली, लंडनमध्ये फॅमिली डिस्कशन ब्युरो सुरू झाला आणि नवराबायकोच्या भांडणांकडे मनोविश्लेषणाच्या नजरेनं बघण्याचं काम बसलं. हेन्री डिक्स यांचं 1967 सालचं पुस्तक त्याच परंपरेतलं. जोडीदाराची निवड आपण जाणिवेनं करतो त्याहून कितीतरी खोलवर होते, आणि स्वतःत नकोसा झालेला भाग ज्याच्याकडे ठेवता येईल असं माणूस आपल्याला ओढून घेतं, असं त्यांचं सांगणं. म्हणजे लग्नाआधी ज्या गुणावर जीव जडला, दहा वर्षांनी त्याच गुणावरून भांडण. दोन्ही घरच्या आजींना हे डिक्स न वाचताही ठाऊक असतं म्हणा.

पण "काळजी दुसऱ्यात ढकलली" हे ऐकायला जादूटोण्यासारखं लागतं. म्हणून बाईंनी बारीकसारीक गोष्टी बघितल्या. तो बातमी अर्धीच सांगतो. डॉक्टरांशी बोलून आला की "काही विशेष नाही" म्हणतो. मग ती विचारते, तो आणखी एक तुकडा देतो. ती पुन्हा विचारते. चौथ्या प्रश्नाला तिचा आवाज चढतो. आवाज चढला की तो शांत होतो. खरोखर शांत होतो, खांदे खाली येतात, श्वास लांब होतो. बाईंनी हे खोलीत दोनदा बघितलं. तिच्या गळ्याशी काळजी आली की त्याच्या छातीवरून ती उतरते. हा हस्तांतराचा क्षण. तो तिला मुद्दाम छळतो असं यात कुठेही नाही. त्याला पत्ताच नाही.

तिचाही व्यवहार होता. घरात कोणी निवांत बसलंय हे तिला बघवायचं नाही, पण तो निवांत बसला की मनातून बरं वाटायचं. "निदान एक माणूस तरी ठिकाणावर आहे." स्वतः कधी टेकायची नाही. टेकलं की काहीतरी नजरेतून सुटेल ही धास्ती. स्वस्थ बसण्याचं काम तिनं त्याच्यावर सोपवलं होतं आणि तो ते करतो म्हणून त्याच्यावर चिडतही होती.

दोन घरं, दोन गप्पा न झालेल्या गोष्टी

पूर्वेतिहास कुणी प्रश्नावली देऊन घेतला नाही, बोलण्याच्या ओघात निघाला.

तो दहा वर्षांचा असताना वडील अचानक गेले. सकाळी कामाला गेलेला माणूस परत आला नाही. आई अंथरुणाला खिळली, महिनोन्‌महिने. कोणीतरी नातेवाइकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आता तूच घरातला मोठा. तो रडला का, हे त्याला आठवत नाही. त्या दिवशी चपला कोणत्या होत्या हे आठवतं. हे सगळं त्यानं एखाद्या तिऱ्हाइताच्या गोष्टीसारखं सांगितलं आणि तो सांगत असताना रडली ती. रुमाल तिच्या हातात, गोष्ट त्याची.

तिच्या घरी कोणी गेलं नाही, पण कोणी काही सांगितलंही नाही. आई दोन वर्षं आजारी होती आणि घरात "सगळं उत्तम आहे" असं वातावरण. ती दाराला कान लावून ऐकायची, औषधांच्या बाटल्यांवरची नावं पाठ करायची. काळजी करणं म्हणजे तिच्यासाठी खबर ठेवणं. ज्यानं काळजी सोडली त्याला फसवलं जाणार. फाईलीतल्या रंगीत चिठ्ठ्या कुठून आल्या हे आता कळतं. आणि बसच्या दिवशी नेमकं काय झालं, तेही : नवऱ्यानं तिच्या आईवडिलांचं घर पुन्हा उभं केलं. सगळं उत्तम आहे, तुला सांगायची गरज नाही.

इथे थांबून "कारण सापडलं" म्हणायचा मोह होतो. सिनेमात असं होतं. खोलीत तसं काही झालं नाही. दोघांनाही हे जुळवून दाखवलं तेव्हा त्यांनी "हो, असेल" म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात नळाच्या गळतीवरून तेच भांडण केलं. फ्रॉइड यांनी 1914 सालीच लिहून ठेवलंय की जे आठवत नाही ते माणूस कृतीतून पुन्हा पुन्हा करतो, आणि ते त्याला नुसतं दाखवून भागत नाही, त्यातून त्याला वाट काढत जावं लागतं, वेळ द्यावा लागतो.

वाक्य पलीकडे गेलं

चौथ्या महिन्यात दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. तिला जरा झोप लागायला लागली. आणि ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी तिला दहा दिवस बाहेरगावी जावं लागलं. याआधी असं बोलावणं आलं की ती नाही म्हणायची. या वेळी गेली. फाईल घरी ठेवून गेली.

तिसऱ्या रात्री तो छातीत धडधडून जागा झाला. घाम, हातापायांना मुंग्या, आता आपण मरणार अशी खात्री. शेजाऱ्यांना उठवून दवाखान्यात गेला. ईसीजी झाला, रक्त तपासलं, हृदयाला काही नव्हतं. छातीतली धडधड ही आधी डॉक्टरांनीच बघायची गोष्ट आहे, मनोविश्लेषकानं नव्हे. एवढं वैद्यकीय भान या बाबतीत सुटता कामा नये. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोला मिळून वीस-एक फोन केले. ती वर्गात होती, फोन सायलेंटवर. संध्याकाळी बोलली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर नीट आहे म्हणाले ना? मुलगी शाळेत, आई घरी. काय होणार आहे?"

परत आल्यावरच्या भेटीत तो बसायच्या आत बोलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

"तुला कशाचंच काही वाटत नाही."

ती अवाक झाली. मग, मला वाटतं नाइलाजानं, तिला हसू आलं. बाई एवढंच म्हणाल्या, "हे वाक्य आपण या खोलीत आधी ऐकलंय. तेव्हा दुसऱ्या खुर्चीतून आलं होतं."

ही बारीकशी टिप्पणी महिन्यांपूर्वीच्या लांबलचक उकलीपेक्षा खोल गेली, कारण या वेळी तो ते जगत होता. तिनं काळजी वाहायचं काम दहा दिवस बंद ठेवलं आणि ती पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत आली. वर्गात कोणी विचारतं, प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशन खरं असतं याला पुरावा काय? पुरावा हा शब्द मी इथे वापरणार नाही, पण एकानं भार खाली ठेवल्याबरोबर दुसरा वाकतो, हे बघण्यासारखं आहे. एकटं राहण्याची भीती, सवय मोडल्याचा ताण, ही सोपी स्पष्टीकरणंही त्या रात्रीला लागू पडतात. ती नाकारायचं कारण नाही. पण "सकाळी गेलेलं माणूस परत येणार नाही" हे त्या रात्री त्याच्या मनात नेमक्या याच शब्दांत आलं होतं, असं त्यानं पुढे सांगितलं, आणि ते सवयीच्या ताणातून येत नाही.

डॉनल्ड विनिकॉट यांचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, 1974 साली प्रसिद्ध झाला. ज्या कोसळण्याची माणूस धास्ती घेतो ते कोसळणं होऊन गेलेलं असतं, असं त्यात ते म्हणतात. झालं तेव्हा ते अनुभवायला तो माणूस पुरेसा "तिथे" नव्हता, म्हणून ते पुढे कुठेतरी वाट बघत उभं असल्यासारखं वाटत राहतं. दहा वर्षांच्या मुलाला मोठा म्हणून उभं केलं तेव्हा भिणारा मुलगा मागेच राहिला. तो त्या रात्री दवाखान्यात पोचला. माझ्या वाचनात या प्रकरणाला यापेक्षा चपखल बसणारं दुसरं काही नाही.

उपचारकाच्या वाट्याला काय आलं

आजचं मनोविश्लेषण जुन्यापासून वेगळं पडतं ते मुख्यतः इथे. फ्रॉइड यांनी 1910 साली काउंटरट्रान्सफरन्सचा उल्लेख केला तो अडथळा म्हणून : रुग्णामुळे विश्लेषकाच्या मनात जे हलतं ते त्यानं ओळखून आवरावं. पॉला हायमन यांनी 1950 मध्ये उलटं म्हटलं : जे हलतं तेच रुग्णाच्या मनाचा माग काढायचं साधन. जोसेफ सँडलर यांनी 1976 साली आणखी पुढे जाऊन दाखवलं की विश्लेषक नुसता भावना अनुभवत नाही, रुग्णानं नकळत देऊ केलेली भूमिका तो नकळत वठवूही लागतो. अशा नकळत वठवण्यासाठी 1986 मध्ये थिओडोर जेकब्स यांनी वापरलेला एनॅक्टमेंट हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

या प्रकरणातल्या बाईंना पहिले दोन-तीन महिने या जोडप्याच्या तासानंतर फार स्वस्थ वाटायचं. इतर जोडप्यांनंतर डोकं भणभणायचं, यांच्यानंतर नाही. त्यांनी हे आपल्या सुपरवायझरना, म्हणजे ज्यांच्याशी त्या आपल्या कामाची चर्चा करत त्या अनुभवी उपचारकांना, कौतुकानं सांगितलं. सुपरवायझरनी विचारलं, "हा शांतपणा कोणाचा?" प्रश्न टिपणात उतरला आणि तिथेच राहिला.

दवाखान्याच्या रात्रीनंतर तो पहिल्यांदाच मोकळं बोलू लागला होता आणि बाई साहजिकच त्याच्याकडे झुकल्या. एका तासाला तो वडिलांबद्दल बोलत असताना ती मध्येच म्हणाली, "पण बसच्या दिवशीचं काय? ते तसंच राहिलं." बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "ते बघू आपण. आत्ता जरा त्यांना बोलू द्या."

ती गप्प झाली. पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "आता तुम्हीही मला शांत करताय."

पन्नास वर्षांपूर्वीचा उपचारक इथे काय करेल? बहुधा तिच्या या वाक्याचा अर्थ लावेल : तुम्हाला मी तुमच्या आईवडिलांसारखी वाटते आहे. हे खोटं नाही. पण तेवढंच म्हणणं म्हणजे तिला पुन्हा तेच सांगणं की तुला भास होतोय, सगळं उत्तम आहे. कारण तिला भास झालाच नव्हता. बाईंनी तिला खरोखर गप्प बसवलं होतं, नवऱ्याच्याच सुरात. त्या खोलीत तीन माणसं होती आणि काळजी पुन्हा एकटीच्याच अंगावर आली होती.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. मी तुम्हाला थांबवलं, आणि ते शांत करण्यासारखंच होतं. बसचं राहिलंय."

एवढंच. अभ्यासवर्गात सर्वात जास्त वाद या तीन वाक्यांवर होतो. काहींना ती फार वाटतात : उपचारकानं आपली बाजू उघडी केली की अधिकार जातो. काहींना कमी वाटतात : बाईंनी आपल्याला असं का झालं हेही सांगायला हवं होतं, त्या शांतपणाचं, सुपरवायझरच्या प्रश्नाचं. मी पहिल्या बाजूला उभी नाही, दुसऱ्याही नाही. घडलेलं मान्य करण्यापुरतं बोलणं तिला तिची नजर परत देतं. त्यापुढचं प्रत्येक वाक्य उपचारकाला मोकळं करतं आणि बाईंची समजूत काढायचं काम तिच्यावर टाकतं. आधीच सगळ्यांची काळजी वाहणाऱ्या बाईवर आणखी एक ओझं.

जेसिका बेंजामिन यांनी 2004 सालच्या लेखात ज्या कोंडीचं वर्णन केलं आहे ती हीच. नात्यात भांडण पेटलं की दोनच जागा उरतात, करणारा आणि सोसणारा, आणि दोघांनाही आपण सोसणारे आहोत अशी खात्री असते. या जागांवरून उठायला तिसरी जागा लागते, आणि ती कोणी आयती आणून देत नाही. कोणीतरी आधी "हे माझ्याकडून झालं" म्हणतं तेव्हा ती तयार होते. इथे पहिल्यांदा ते उपचारक म्हणाली. नवरा ते बघत होता. दोन भेटींनी तो आपणहून म्हणाला, "बसच्या दिवशी मी तुला वाचवत नव्हतो. मेसेज वाचला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तो मला तुझ्यासमोर नको होता." बारा वर्षांत तिला त्याच्याकडून पोट, गोळा, भीती असले शब्द ऐकायला मिळाले नव्हते.

रोनल्ड ब्रिटन यांचा 1989 सालचा निबंधही अशाच तिसऱ्या जागेबद्दल आहे : स्वतः नात्यात असतानाच त्या नात्याकडे बाहेरून बघता येण्याची क्षमता. जोडप्यांबरोबर काम करणाऱ्या मेरी मॉर्गन यांची मांडणी याच धाग्यातली. "तू असा" आणि "मी अशी" याखेरीज "आपण दोघं मिळून हे काय करतोय" असं म्हणता येणं. ऐकायला सोपं आहे. रात्री अकराला, नळ गळत असताना, अजिबात सोपं नाही.

नियम करून बघितला

मध्यंतरी तिच्या आग्रहानं त्यांनी घरी एक नियम केला होता : मुलीबद्दल, आईबद्दल काहीही कळलं की लगेच सांगायचं. बाईंनी सुचवला नाही, अडवलाही नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला मेसेजांनी भंडावून सोडलं. मुलगी उठली. मुलीनं दप्तर भरलं. आईनं गोळी घेतली. नियम तंतोतंत पाळला जात होता आणि भीती अजूनही तिच्याकडेच रवाना होत होती, आता दिवसातून कित्येकदा. नियम आपोआप बारगळला.

यावरून वर्तनावर काम करणाऱ्या पद्धती कुचकामी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. डग्लस स्नायडर आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली : उपचारांनंतर चार वर्षांनी वर्तनकेंद्री पद्धतीच्या जोडप्यांपैकी 38 टक्क्यांचे घटस्फोट झाले होते, अंतर्दृष्टीवर भर देणाऱ्या पद्धतीच्या जोडप्यांपैकी 3 टक्क्यांचे. मनोविश्लेषणाची मंडळी हा आकडा झेंड्यासारखा मिरवतात. पण नील जेकबसन यांनी तेव्हाच हरकत घेतली होती की तुलनेतली वर्तनपद्धत जुन्या धाटणीची होती आणि दोन्ही पद्धतींत आखलेली सीमा दिसते तेवढी स्वच्छ नव्हती. शिवाय तो छोटा अभ्यास होता. मला स्वतःला नियम करून बघण्यात गैर वाटत नाही. तो कसा मोडतो यातून जे कळतं ते बोलून कळत नाही.

वर्षाअखेर

साधारण वर्षभरानं त्यांनी थांबायचं ठरवलं. तोवर काय बदललं होतं? भांडणं थांबली नव्हती. धास्तावण्याचं काम मात्र आता पाळीपाळीनं होत होतं. आईच्या एका तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा तो पाकीट फोडून वाचत बसला, मग बायकोला फोन करून म्हणाला, "मला यातलं काही कळत नाहीये आणि मला भीती वाटतेय. लवकर ये." ती आली. रिपोर्टात काळजीचं फारसं काही नव्हतं. पण ते तिनं लगेच सांगितलं नाही, आधी तो जे बोलत होता ते ऐकून घेतलं. हे सांगताना तिच्या आवाजात थोडी धुसफुसही होती. आता घरात दोघंही घाबरणारे, मग आधार कोणाचा? रास्त प्रश्न आहे. जुन्या वाटणीत तिचा तोटा होता तसा एक भक्कम भिंत असल्याचा फायदाही होता, आणि तो गेला होता. हरवलेल्या गोष्टीबद्दल वाईट वाटायला जागा न देता लगेच प्रगतीचं अभिनंदन करणारे उपचारक मला घाईचे वाटतात.

एक विषय राहिला तो राहिलाच. दोघांमध्ये शरीरसंबंध जवळजवळ थांबलेले होते. तिसऱ्या महिन्यात तो विषय एकदा निघाला. ती म्हणाली "मुलगी लहान आहे", तो म्हणाला "दमायला होतं", आणि दोघांनी मान डोलावली. स्टीफन मिचेल यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात, जे त्यांच्या मृत्यूनंतर 2002 साली आलं, दीर्घ नात्यातली ओढ सवयीमुळे विझते हा समज खोडून काढला आहे. त्यांच्या मते जोडीदाराला आपण मुद्दाम ओळखीचा आणि खात्रीचा करून ठेवतो, कारण ज्याच्यावर आपण इतके विसंबून आहोत त्याचीच ओढ वाटणं धोक्याचं असतं. या जोडप्याला हे लावून बघा. ती सगळ्याची खबर ठेवणारी, तो कधीच न हलणारा. बारा वर्षं दोघांनी मिळून एकमेकांमधलं अनपेक्षित असं सगळं पुसून काढलं होतं. दवाखान्याच्या रात्रीनंतर तिनं एकदा म्हटलं होतं की हा माणूस मला नवीनच वाटतोय, आणि ते म्हणताना ती थोडी लाजली होती. बाईंनी तो धागा उचलला नाही, पुढच्या तासाला जोडप्यानंही नाही.

थांबायचा निर्णय त्यांचा होता आणि बाईंनी तो मानला. शेवटच्या टिपणात त्यांनी लिहिलं की वर्षभरात दोघांचं ताबडतोब आणि विनातक्रार एकमत झालं ते फक्त दोन गोष्टींवर : हा विषय नको, आणि आता थांबूया. दोन्ही एकमतं एकाच जागेवरून आलेली असावीत, असा त्यांचा कयास होता. माझाही तोच आहे. पुन्हा यायचं झालं तर सुरुवात इथून करायची, हेही त्यांनी जोडप्याला सांगितलं. त्यावर तो "बघू" म्हणाला आणि तिनं तारीख विचारली.